इंग्लंडच्या टेबलावरच्या सगुणाबाई

द्राक्षाचा घड देठाला धरायचा असतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी सगुणाबाईंनी शिकवलं. मी आळे गावची, माहेरी द्राक्षाची बाग असलेली. घड कसा धरायचा हे मला कोण सांगणार, अशा थाटात मी पॅकहाऊसमधल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी टेबलावरचा एक घड उचलला. समोरून आवाज आला, "ताई, कुनाच्या गालाला हात लावताय? इचारलंत का त्याला?"

मी दचकून घड खाली ठेवला. माझी चार बोटं मण्यांवर उमटली होती. मण्यावरची ती पांढुरकी झाक जिथं जिथं पुसली गेली, तिथं तो नुसताच हिरवा, ओलसर दिसत होता. सगुणाबाईंनी तो घड देठाला धरून उजेडाकडे नेला, थोडा फिरवला आणि बाजूच्या क्रेटमध्ये ठेवला. "ह्यो आता गावातच ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या पोराचं लग्न मोडलं की बायका जशा हळहळतात, तसं काहीतरी होतं.

द्राक्षं निवडून, भरून परदेशी पाठवणारं आमचं पॅकहाऊस नारायणगावच्या बाहेर, हायवेपासून जरा आत. मोठी पत्र्याची शेड, आत गारठा. जानेवारी ते एप्रिल बाहेर ऊन तापत जायचं आणि आत बायका साडीवर स्वेटर, स्वेटरवर एप्रन, डोक्याला पांढरी टोपी घालून उभ्या असायच्या. सगुणाबाई साठीला आलेल्या, उंच, काटक, किंचित वाकलेल्या. नऊवारीवर तो एप्रन त्यांना आखूड व्हायचा. हात मात्र मोठे, पुरुषासारखे. त्या हातांत ती बारकी कात्री इतकी हलकी चालायची, की मणी कापला जाताना घडाला कळत नसावं.

शेडमध्ये दोन टेबलं होती. एकावरचा माल हॉलंड, जर्मनी असा युरोपात जायचा, दुसऱ्यावरचा इंग्लंडला. इंग्लंडच्या टेबलाची मुकादम म्हणजे सगुणाबाई. त्या टेबलावर माल पारदर्शक पनेटमध्ये भरायचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. एक मणी डागाळलेला असला तरी तो झाकणातून बघणाऱ्याकडे बघत राहतो. म्हणून तिथं निवडक बायका. मी ऑफिसात कागदपत्रं करायची. माल कुठल्या बागेतला, तपासणी कुठं झाली, कंटेनर कुठल्या बोटीवर चढला, हे सगळं माझ्या कॉम्प्युटरवर.

दुपारच्या चहाला सगुणाबाई बाहेर करंजाच्या सावलीत उपड्या क्रेटवर येऊन बसत. मी बशी घेऊन शेजारी टेकले की ठरलेला प्रश्न यायचा.

"ताई, आज कुठं पोचली वं बोट?"

"आज सुएझला. कालव्यात शिरेल."

"तिथं काय हाय?"

"वाळू. इकडं वाळू, तिकडं वाळू, आणि मधून पाणी."

त्या डोळे मिटायच्या. चहा निवून जायचा. हायवेवर ट्रक जात असायचे, द्राक्षाच्या मांडवांवरून गरम वारा यायचा, आणि त्या शांत बसलेल्या असायच्या. टेबलावरच्या पोरी एकमेकींना कोपर मारायच्या, "मावशी गेली बोटीवर." पाच मिनिटांनी डोळे उघडून त्या म्हणायच्या, "लई निवांत चाललीय." आणि उठायच्या. त्या पाच मिनिटांत काय दिसलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, "पान्यावर खुना ऱ्हात न्हाईत, न्हाई का? मेंढरं गेली की चार दिस वाट दिसती."

त्यांचं मूळ मेंढरांचं. माहेर घोडेगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. लहानपण बापाच्या वाड्याबरोबर फिरण्यात गेलं. वाडा म्हणजे तीन-चार घरांनी मेंढरं, घोडी, संसार एकत्र करून चालायचं. पुढे जमिनी आल्या, पोरं शहरात गेली, मेंढरं विकली गेली. पण बोलताना मेंढरं कुठूनही यायची. खराब माल आला तर म्हणायच्या, "पावसात भिजलेलं कोकरू हाय हे, ह्याला आज हात लावू नका, वाळू द्या." आणि नवीन बाई घाईनं कात्री चालवायला लागली की, "हळू गं. कातरताना जो घाई करतो, त्याच्या हातात लोकर कमी आन रगात जास्त येतं."

एका वर्षी इंग्लंडचा एक खरेदीदार साहेब पाहणीला आला. उंच, लालसर चेहऱ्याचा, अवघडून उभा राहणारा. सगळं बघून झालं, फोटो झाले, तात्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्याला फेटा बांधला. तो निघणार तेवढ्यात सगुणाबाई टेबलामागून म्हणाल्या, "ताई, त्यांना एक इचारा की. हे घड तिकडं खातं तरी कोन?"

तात्यांनी डोळे वटारले. मी विचारलं. साहेबाला प्रश्न आवडला. पोरांच्या डब्यात देतात, म्हणाला. मग म्हणाला, आमच्याकडं दवाखान्यात कुणाला भेटायला गेलं तर द्राक्षं न्यायची पद्धत आहे.

मी मराठीत सांगितलं. सगुणाबाईंचा हात थांबला.

"आपन शहाळं नेतो तसं?"

"हो, तसंच."

"मंजी हे आजाऱ्याच्या उशाशी जातं."

त्या दिवसापासून इंग्लंडच्या टेबलावर भांडण बंद झालं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या नवऱ्याचं, मोठ्यानं काही निघालं की त्या म्हणायच्या, "भांडायचं तर पल्याडच्या टेबलाला जा. हितं न्हाई." पोरी हसायच्या, पण आवाज खाली यायचा. आणि एकदा चहाच्या वेळी, मी भलत्याच कामात असताना, त्यांनी विचारलं, "ताई, ज्याला हात हलवता येत न्हाई, त्याला कोन चारत आसंल वं?"  त्यांना उत्तर नकोच होतं. मनानं त्या तिकडच्या आजाऱ्याच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या.

इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडणार, हे टीव्हीवर कितीतरी वर्षं चालू होतं. आम्ही ते दूरचं भांडण म्हणून ऐकायचो. ते खरंच लागू झालं तेव्हा करोनाचं पहिलं वर्ष नुकतं सरलं होतं, आणि आमचा हंगाम तोंडावर होता. तात्यांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि मला म्हणाले, "मॅडम, सांगा यांना काय झालंय ते."

मी सांगायला लागले. एक पोरगी म्हणाली, "देश बाहेर पडला मंजी गेला कुठं?"

सगळ्या हसल्या. सगुणाबाई म्हणाल्या, "जाग्यावरच हाय गं. पर आता त्यानं आपली वेगळी येस बांधली. आदी एका येशीतून आत शिरलं की सगळ्या आळीत फिरता येत व्हतं. आता त्याच्या दारात पुन्यांदा उभं ऱ्हायचं, पुन्यांदा नाव सांगायचं."

मी पंधरा मिनिटं घेतली असती, ते त्यांनी चार वाक्यांत संपवलं.

आमची अडचण त्याहून बारीक होती. पॅकहाऊस लहान. एकट्या इंग्लंडसाठी अख्खा कंटेनर भरेल इतका माल एका वेळी निघायचा नाही. म्हणून निम्मा कंटेनर इंग्लंडचा, निम्मा युरोपचा, असा एकत्रच रॉटरडॅमच्या बंदरावर उतरायचा. तिथून इंग्लंडचे डबे गाडीनं आणि छोट्या बोटीनं पलीकडं जायचे. एक दिवस, फार तर दोन. मधे कुणी विचारायचं नाही. आता मधे वेस आली होती. तिकडचा दलाल म्हणाला, काळजी करू नका, सुरुवातीला थोडा गोंधळ होईल, पण निघेल. आम्ही नेहमीसारखा माल पाठवला.

युरोपचे डबे गेले. इंग्लंडचे बंदरावर राहिले. एक कागद कमी पडला. तो आला तर दुसरा जुन्या नमुन्यातला निघाला. ज्या गाडीत माल चढायचा, तिच्यात दुसऱ्यांचाही माल होता, आणि त्यांच्या कागदांसाठी आमचाही थांबला. मी इकडून रोज पत्रं पाठवत होते. दुपारी चहाला बाहेर जाणं मी बंद केलं.

शेवटी फोटो आले. देठ तपकिरी पडलेले. कोपऱ्यातल्या मण्यांना पाणी सुटलेलं. कागद माझ्या हातचे होते. मी दार लोटून टेबलावर डोकं टेकलं आणि रडले.

सगुणाबाई आत आल्या. त्यांनी माझ्या फोनवरचा फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "ह्यो आपल्या टेबलावरचा," त्या म्हणाल्या. "ही भरनी आपलीच. देठ आतल्या बाजूला वळवलाय बघा." मग खुर्चीत न बसता खाली फरशीवरच टेकल्या.

"आमचा वाडा एकदा असाच आडवला व्हता," त्या सांगू लागल्या. "दरसालची वाट. एका गावानं त्या वर्षी ठराव केला, मेंढरं आत न्हाईत. आमाला कुठं म्हायीत? तीन दिस शिवंवर उभं. चार कोकरं गेली. माझी आई बाबाला बोलली, तुमी वाट चुकलात. बाबा म्हनला, वाट चुकली न्हाई, वाट बदलली. चुकल्याचं रडू येगळं, बदलल्याचं येगळं." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "तुमी चुकल्याचं रडताय."

मी डोळे पुसले. मग त्यांनी मनातलं विचारलं. "तिकडं त्या दवाखान्यात मग काय नेलं आसंल लोकांनी?"

"दुसऱ्या देशातली द्राक्षं येतात ना तिकडं. थोडी महाग पडली असतील, एवढंच."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. आपल्यावाचून कुणाचं अडलं नाही, हे ऐकायला कुणाला आवडतं? पण त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुनी मोकळ्या हातानं गेलं न्हाई."

आमचं मात्र अडलं. तात्यांनी शनिवारी सांगून टाकलं, इंग्लंडचं टेबल बंद. सोमवारपासून त्या टेबलाच्या बायकांनी येऊ नये. तात्या वाईट माणूस नव्हते. सांगताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. बायका टोप्या काढून उभ्या राहिल्या. कुणाच्या घरी पोराची फी होती, कुणाचा नवरा करोनात कंपनीतून सुटून घरी बसला होता.  सगुणाबाईंनी टेबल पुसलं, कात्र्या पाण्यातून काढून फडक्यावर मांडल्या, आणि जाता जाता मला म्हणाल्या, "उद्या तुमाला सुट्टी हाय. तुमची गाडी घेऊन या. बबनशेटकडं जायचंय."

मी बघतच राहिले. बबनशेठ म्हणजे ओढ्यापलीकडच्या पॅकहाऊसचे मालक. आमच्याएवढेच लहान. त्यांचा आणि तात्यांचा विहिरीच्या वाटेवरून वाद झालेला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांच्या लग्नकार्याला जात नव्हते.

बबनशेठ बागेत होते. आम्ही मांडवाखाली वाकून गेलो. वरून पानांतून हिरवा उजेड गळत होता, आणि कमरेच्या वर सगळीकडं घड लटकलेले. सगुणाबाईंनी नमस्कार केला नाही की विषय काढला नाही. एका घडाखाली तळवा धरून उभ्या राहिल्या.

"माल चांगला उतरलाय," त्या म्हणाल्या. "पर ह्या ओळीला विरळनी कमी पडली. मनी दाटीवाटीनं बसल्यात."

"तात्यानं पाठवलं का तुम्हाला?" बबनशेठनं विचारलं.

"तात्यांना म्हायीत बी न्हाई. कळलं तर मला दारात बी उभं करनार न्हाईत."

"मग?"

"तुमचं इंग्लंड बंद झालं का?"

बबनशेठनं समोरचं एक वाळलं पान खुडलं. मग म्हणाले, "झालं. अर्धाच कंटेनर निघतो. रॉटरडॅमची वाट आता परवडत नाही."

"आमचा बी अर्धाच निघतो," सगुणाबाई म्हणाल्या. "दोन अर्धे आपापल्या घरी रुसून बसल्यात. त्यांना एकत्र बसवलं तर एक भरतो, आन सरळ इंग्लंडाच्या दारात उतरतो. मधी कुनाच्या आळीतनं जायचं कामच न्हाई."

"माझा माल तात्याच्या मालात मिसळू?"

"मिसळायचा कशाला? आमच्या वाड्यात चार घरची मेंढरं एकत्र चालायची. हरेकाची खून येगळी. कुनाचं हिरवं, कुनाचं तांबडं. वाटंनं एकत्र, संध्याकाळी ज्याची त्याला. तुमच्या डब्यावर तुमचं लेबल, त्यांच्यावर त्यांचं."

बबनशेठ माझ्याकडं वळले. "मॅडम, असं होतं का?"

मी म्हटलं, होतं. मोठे लोक करतात. मला हे आधी का सुचलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तात्यांकडं ही गोष्ट सांगायला सगुणाबाई एकट्याच गेल्या. मी दाराबाहेरून ऐकत होते. तात्यांचा आवाज चढला, "त्याच्या मालाशेजारी माझा माल बसणार न्हाई!"  मग सगुणाबाईंचा नेहमीचा आवाज, "तात्या, तुमच्या भांडनाचं डब्याला काय म्हायीत? आन त्या पोरींना घरी बसवायचं ठरवून तुमाला तरी कुठं झोप लागली?"

मार्चमध्ये तो कंटेनर भरला. मी सगळे कागद नव्या नमुन्यात, तीन-तीनदा वाचून केले. गाडी निघायच्या वेळी एका बाजूला तात्या उभे, दुसऱ्या बाजूला बबनशेठ. मधे कंटेनर, आणि दोघांनाही पलीकडचा दिसू नये इतका तो उंच. नारळ कुणी फोडायचा, यावर दोघंही पुढं होईनात. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, उशीर व्हतोय राव." शेवटी सगुणाबाईंनी नारळ घेतला, चाकाशी फोडला, आणि खोबऱ्याचा एक तुकडा एका बाजूला दिला, दुसरा दुसऱ्या बाजूला.

माल नीट पोचला. तक्रार आली नाही. आमच्या धंद्यात तेवढीच पावती.

आता सगळं पूर्वीसारखं झालं असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल. वेगळी तपासणी, वेगळे कागद, तिकडचा वेगळा खर्च. हातात पूर्वीपेक्षा कमी राहायचं. आधी दर आठवड्याला इंग्लंडचा माल निघायचा, आता तिकडची मागणीही घटली, म्हणून दोघांचा मिळून भरेल तेव्हाच. म्हणजे पंधरा दिवसांनी एकदा. टेबल महिन्यातले निम्मे दिवस रिकामं. काही पोरी टोमॅटोच्या मार्केटला लागल्या, एक-दोघी आळेफाट्याला दुकानात. ज्या राहिल्या, त्यांच्या सगुणाबाईंनी पाळ्या लावल्या. प्रत्येकीला थोडं थोडं. स्वतःची पाळी त्यांनी सगळ्यांत कमी ठेवली होती, हे मला हजेरीचा कागद बघताना कळलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला खायला कितीसं लागतंय."

मोकळ्या दिवशीही त्या यायच्या, आणि करंजाखाली बसायच्या. आता बोट सरळ इंग्लंडला जायची. मी नकाशा दाखवला, तर त्यांनी बोटानं ती वाट शेवटपर्यंत चालून पाहिली. वळणावर बोट थांबायचं, पुढं सरकायचं. नकाशावरच्या निळ्या रंगावर त्यांचं ते मोठं, भेगाळलेलं बोट मी अजून विसरले नाही. दुसऱ्या हंगामात एक दिवस बबनशेठ आमच्या ऑफिसात तात्यांच्या समोर बसून चहा पिताना दिसले. बोलत नव्हते, पण पीत होते.

त्या हंगामाच्या शेवटी सगुणाबाईंनी काम सोडलं. भावाची सून बाळंत व्हायची होती, वरच्या गावात घरात जाणतं माणूस नव्हतं. तात्यांनी शाल-नारळाचा कार्यक्रम ठरवला, तर म्हणाल्या, "उन्हाळ्यात शाल कशाला?" त्यांनी फक्त पोरींबरोबर शेवटचा एक डबा भरला, झाकण लावलं, आणि हात धुतले.

मला घोडेगावला तहसील कचेरीत वारसनोंदीचं काम होतं, म्हणून त्यांना मीच गाडीवर घेऊन गेले.  वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवायला लावून त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि डोंगराकडं बघत राहिल्या. उन्हात डोंगर धुरकट, पाण्यातून दिसावा तसा हलत होता.

स्टँडवर डोंगराकडची एसटी लागलेलीच होती. गर्दी दाराशी दाटली होती. सगुणाबाईंनी खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली आणि मग सावकाश चढल्या. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. येतानाच्या सगळ्या वाटेवर मी ते वाक्य जुळवलं होतं. पण शेजारच्या सीटवर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर किरकिरणारं लेकरू, आणि सगुणाबाई तिच्याकडं वळल्या होत्या. त्यांनी त्या लेकराच्या टोपीची आवळलेली नाडी सोडली. "अगं, गरम व्हतंय त्याला. कोन गाव तुमचं?"

ती बाई काहीतरी म्हणाली. सगुणाबाई ऐकायला खाली वाकल्या. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि स्टँडच्या कमानीतून वळताना खिडकीत त्यांची पाठ दिसली, पदर घेतलेली, त्या बाईच्या बोलण्यात पार बुडालेली.

मी हात वर केला होता. धूळ खाली बसली, तरी तो तसाच होता.